हरीकाकांचे पाच ठिपके

बोईसरला मी ज्या खोलीत नऊ वर्षं भाड्यानं राहिले, तिच्या बरोबर खाली हरिश्चंद्र संखे यांचं दुकान होतं. जळालेल्या मोटरी पुन्हा गुंडाळून देण्याचं. एमआयडीसीतले सुपरवायझर, वाडीवाले, पिठाची गिरणी चालवणारे, सगळे त्यांना हरीकाका म्हणत. मीही म्हणू लागले. नगर जिल्ह्यातून मी इथं कॉलेजात फिजिक्स शिकवायला आले होते, ओळखीचं कुणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात खोलीतला पंखा जळाला आणि तो उतरवून घेऊन मी खाली गेले.

त्यांनी पंखा हातात घेतला नाही. आधी स्टूल पुढं सरकवलं.

"बसा. कवा झालं?"

"सकाळी. अचानक बंद पडला."

"अचानक काय नसतं. आधी आवाज करत व्हता?"

"थोडी घरघर होती."

"किती दिवस?"

मला आठवेना. मी म्हटलं, "काका, तुम्ही कॉईल बदलून द्या ना, कशाला एवढं?" त्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू डॉक्टरला म्हणाले होते, ताप कशाचा ते राहू द्या, सुई टोचा. मग त्यांनी पंखा उघडला, काळी पडलेली कॉईल नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "बेअरिंग गेलेलं. बिचारा ओढून ओढून मेला."

बुटका माणूस. रंग वार्निशसारखा. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, आणि ती तारही इतकी नीट एकाला एक लागून गुंडाळलेली, की ती दुरुस्ती आहे हे पटकन कळू नये. जन्म जवळच्याच गावातला. दहावीपर्यंत शिकले, मग बारा-तेरा वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्सला होते आणि तिथून बाहेर पडून हे दुकान. बायको गेलेली. मुलगी प्रमिला लग्न होऊन वाणगावला. सणावाराला ती यायची, दुकान झाडायची, बापाच्या नावानं बडबड करायची आणि डबा ठेवून जायची.

दुकानात रेडिओ नव्हता. "त्याच्यामुळं मोटर काय म्हणते ते ऐकू येत नाय." भिंतीला एक लांब तार बांधलेली आणि तिच्यावर जळालेल्या कॉइली वाळत घातलेल्या बोंबलांसारख्या लटकत. प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर मालकाचं नाव नसे, जळण्याचं कारण असे. 'एक फेज गेली.' 'पाणी शिरलं.' 'उंदीर.' एका पुठ्ठ्यावर नुसतं 'मालक' लिहिलं होतं. कारण कळल्याशिवाय ते नवी तार चढवत नसत. एकदा एका कारखान्याचा सुपरवायझर तीच मोटर तिसऱ्यांदा घेऊन आला. घाईत होता.

"काका, शाम तक चाहिए. लाईन बंद पडा है."

"नाय भेटणार."

"डबल ले लो."

"अरे, तू मला डबल देशील, पण ती परत जळंल. मला तिकडं ने. कुठं लावतोस ती बघू दे."

सुपरवायझर चिडून निघून गेला. तासाभरानं तोच मोटरसायकल घेऊन परत आला आणि काकांना मागं बसवून घेऊन गेला. काका परतले तेव्हा हसत होते. मोटरीत काही दोष नव्हता. ज्या पंपाला ती जोडली होती, तो पंप पायावर तिरका बसवलेला होता. "दोन वर्षं सगळे मोटरीला शिव्या घालत व्हते," ते म्हणाले. "आणि ती सांगत व्हती, मी नाय, तो बाजूचा."

हे सगळं मी आता कौतुकानं लिहिते आहे. त्यावेळीही मला त्यांचं कौतुक होतं, पण ते जिन्याच्या वरच्या पायरीवरून केलेलं कौतुक होतं. गमतीशीर म्हातारा, असं मी स्टाफरूममध्ये सांगायची. त्यांच्या पुठ्ठ्यांचे किस्से सांगून हशा मिळवायची.

नोकरी करता करता मी पीएचडी करत होते. विषय होता सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा शेवटचा स्फोट. त्यातही काही स्फोट असे, की नेहमीच्या सुपरनोव्हापेक्षा दहापट, कधी शंभरपट तेजस्वी. एवढा उजेड येतो कुठून, हा प्रश्न. नेहमीच्या स्फोटात जे किरणोत्सारी निकेल तयार होतं त्याच्या उष्णतेवर उजेड टिकतो, पण इथं तेवढं निकेल मानायचं तर हिशेबच जुळत नाही. मग दोन मोठे तर्क. एक असा, की स्फोटानंतर मधोमध एक लहानसा, अतिशय घट्ट गोळा उरतो. तो म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक, सेकंदाला शेकडो फेरे घेणारा. तो हळूहळू मंदावतो आणि त्याची फिरण्याची शक्ती भोवतालच्या वायूला तापवत राहते. दुसरा तर्क असा, की ताऱ्यानं मरायच्या आधीच आपल्या अंगावरचे वायूचे थर बाहेर टाकलेले असतात आणि स्फोटाचा लोट त्यांच्यावर जाऊन आदळतो. त्या धडकेचा उजेड. माझे मार्गदर्शक सर चुंबकाच्या बाजूचे होते. म्हणून मीही होते.

एका संध्याकाळी मी छापून आणलेले आलेख जिन्यात माझ्या हातातून निसटले आणि थेट काकांच्या दुकानात जाऊन पडले. त्यांनी एकेक उचलून झटकला. एक मात्र हातात धरून ठेवला.

"ही कसली मोटर?"

मी हसले. "मोटर नाही काका. तारा आहे. मेलेला."

"मेल्यावर एवढा पेटला?"

मी जिन्यात बसून त्यांना सांगितलं. चुंबकाचा भाग सांगितला तेव्हा ते मान हलवत होते. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून हलवताहेत. बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "म्हणजे ब्रेक लागतोय म्हणून उजेड पडतोय. जोरात फिरतोय म्हणून नाय."

 एम.एस्सी.च्या मुलांना हे समजावताना माझा अर्धा तास जायचा आणि तरी ती म्हणायची, चुंबक फिरतो म्हणून प्रकाश. नुसत्या फिरण्यात शक्ती साठलेली असते. ती बाहेर पडते ती फिरणं कमी होताना. दुसऱ्या दिवशी वर्गात मी काकांचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. मुलांना ते फार आवडलं. एका मुलीनं विचारलं, "मॅम, हे कुठल्या पुस्तकात आहे?" मी म्हणाले, "मलाच सुचलं." एवढी लहान गोष्ट. पण सुरुवात तिथून झाली, असं मला आता वाटतं.

त्यानंतर आठवड्यातून एकदा-दोनदा मी खाली जाऊन बसायची. काका तार गुंडाळायचे, मी ताऱ्यांचं सांगायची. पंधराएक दिवसांत त्यांनी एक यंत्र बनवलं. स्कूटरचं जुनं चाक, त्याच्या कडेला स्पीकरमधले लोहचुंबक बसवलेले, खाली छोटी मोटर. मोटर बंद केली की चाक बराच वेळ फिरत राहायचं. पण तांब्याचा जाड पत्रा कडेजवळ नेला, नुसता जवळ, स्पर्श न करता, की चाक बघता बघता थांबायचं. दहा-बारा वेळा असं केल्यावर त्यांनी पत्रा माझ्या हातात दिला.

"कसा लागतो?"

"कोमट."

"हाच तुमचा उजेड." आणि ते लहान मुलासारखे खूष झाले. त्या दिवशी त्यांनी शटर लवकर ओढलं आणि स्वतः जाऊन दोघांसाठी वडापाव आणले.

याच सुमारास माझा पहिला मोठा शोधनिबंध तयार होत होता. एकच सुपरनोव्हा, त्याच्या सात महिन्यांच्या नोंदी. उजेड चढला, शिखराला गेला, उतरू लागला. उतार चुंबकाच्या गणिताशी इतका सुंदर जुळत होता, की सर फोनवर दोनदा "वा" म्हणाले. फक्त शेवटाकडं पाच ठिपके होते. उतरता उतरता उजेड तिथं थोडा वर उचलला गेला होता. फार नाही, एखाद्या गतिरोधकाएवढा. ते पाच ठिपके ठेवले की जुळणी बिघडायची. मी ते काढले. सरांना पाठवताना आलेख त्या आधीच थांबवला आणि टिपेत लिहिलं, पुढच्या रात्री ढगाळ हवामानामुळे वगळल्या आहेत.

नवा आलेख छापून आणला, तेव्हा काकांनी तो पाहायला मागितला. पाहिला. मग खणातून माझाच जुना कागद काढला. मी तो तिथं विसरले होते आणि त्यांनी जपून ठेवला होता. दोन्ही कागद त्यांनी बाकावर शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, हितं पाच ठिपके जास्ती हायत."

"हो, ते काढले. त्या रात्री ढग होते."

"पाचीच्या पाची?"

"काका, दुर्बीण काही इथं नाही. तिकडं डोंगरावर असते. तिथलं हवामान वेगळं."

ते एका हातानं तारेचं रीळ फिरवत होते. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "पण ढग आला तर उजेड कमी दिसायला पायजे ना? हे तर वर गेलेत."

 मी काहीतरी सांगितलं. तारा ज्या आकाशगंगेत असतो तिचा उजेड आधी वजा करावा लागतो, त्यात चुका होतात, ते क्लिष्ट असतं. यातलं काही खोटं नव्हतं. फक्त त्या पाच ठिपक्यांना ते लागू नव्हतं, कारण मी ते तपासलंच नव्हतं. तपासायची मला भीती वाटत होती. त्या रात्रींची नोंदवही माझ्याच कॉम्प्युटरवर होती. एकदा उघडली असती की झालं असतं.

"असंल," काका म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय." आणि तार गुंडाळू लागले. पण जुना कागद त्यांनी मला परत दिला नाही.

महिन्याभरानं पालघरला एका कॉलेजच्या सभागृहात विज्ञानाचा एक दिवसाचा कार्यक्रम ठरला. प्रमुख पाहुणे म्हणून माझे सर मुंबईहून येणार होते. माझं व्याख्यान होतं आणि व्याख्यानात दाखवायला काकांचं यंत्र. मीच त्यांना म्हणाले, चला. त्यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला, चष्म्याची काडीही नवी बसवली. यंत्र गोणपाटात गुंडाळून ते रिक्षानं स्टेशनला आणि तिथून पुढं एकटेच घेऊन आले. मी सरांना घ्यायला आधी गेले होते.

प्रयोग सुंदर झाला. चाक थांबलं की मुलं टाळ्या वाजवायची. पुढच्या रांगेतल्या मुलींनी पत्रा हातोहात फिरवून कोमट लागतो का पाहिलं. सर खूष झाले आणि व्यासपीठावरूनच म्हणाले, "हे काम ज्यांनी केलं त्यांना मी विचारतो, तुम्हाला काही विचारायचंय का आम्हाला?"

सरांनी मोठ्या मनानं विचारलं होतं. काकांनी तितक्याच सरळपणानं उत्तर दिलं. माईक त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"सर, आपल्या मॅडमच्या त्या ताऱ्याचं एक विचारायचंय. चाक मंदावताना सारखंच मंदावतं. मधेच परत जोर धरत नाय. पण मॅडमच्या आधीच्या कागदावर शेवटी पाच ठिपके व्हते, ते वर गेलेले. म्हणजे आतमधल्या चुंबकाशिवाय बाहेरून पण कायतरी धडकत असंल का?"

सरांनी वळून माझ्याकडं पाहिलं. "कुठले पाच ठिपके?"

सभागृहात दोन-अडीचशे माणसं होती. माझा निबंध आठवड्याभरात जाणार होता. मी हसले. आपण हसतोय हे मला बाहेरून दिसत होतं. मी माईक घेतला आणि म्हणाले, "सर, आमचे हरीकाका मोटरी गुंडाळतात. त्यांना जिथं तिथं काहीतरी जळालेलंच दिसतं. परवा माझ्या मिक्सरचीसुद्धा चौकशी केली त्यांनी."

सगळे हसले. मला हशा मिळवायची सवय होती. तो संपत आला तसं मी अजून एक वाक्य टाकलं. "शेवटी काका, पंखा वेगळा आणि तारा वेगळा."

पुन्हा हशा. सरही हसले आणि घड्याळाकडं पाहून पुढच्या वक्त्याकडं वळले. काकाही हसत होते. त्यांनी माईक हळूच टेबलावर ठेवला, त्याची वायर पायात येऊ नये म्हणून गुंडाळून बाजूला केली, सगळ्यांना नमस्कार केला आणि यंत्र गोणपाटात बांधायला बसले.

कार्यक्रम संपल्यावर सरांना तारापूरकडं कुणाला तरी भेटायचं होतं. त्यांची गाडी बोईसरवरूनच जाणार होती. मागची सीट रिकामी होती. काका फाटकाशी गोणपाट पायाशी ठेवून उभे होते. सर म्हणाले, "अहो, त्यांनाही घेऊ या." मी म्हणाले, "नको सर, त्यांना पालघरला काम आहे."

त्यांना काही काम नव्हतं. गाडीत अर्धा-पाऊण तास ते आणि सर शेजारी शेजारी बसले असते आणि पाच ठिपक्यांचं बोलणं पुन्हा निघालं असतं. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा काकांनी हात वर केला. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

निबंध छापून आला. पुढं पीएचडी मिळाली. मी पेढे घेऊन खाली गेले. काकांनी हात पुसून पेढा घेतला. "अभिनंदन, मॅडम. आता डॉक्टर म्हणायला पायजे." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता. फक्त त्या दिवसानंतर त्यांनी मला ताऱ्यांचं काही विचारलं नाही. मी जाऊन बसले तर स्टूल पुढं करायचे, चहा मागवायचे, बाजारात आज काय आलंय ते सांगायचे. मीही हळूहळू जायची थांबले. मग रस्ता रुंद होणार म्हणून दुकानाचा पुढचा भाग पाडायचं ठरलं आणि काकांनी मुलीजवळ, वाणगावला, नवीन जागा घेतली. सामान टेम्पोत भरत होते तेव्हा मी कॉलेजात होते. परत आले तर शटर उघडं आणि आत काही नाही. भिंतीला ती तार तेवढी राहिली होती, रिकामी.

दोन वर्षांनी मला एक ईमेल आलं. दुसऱ्या देशातल्या संशोधकांच्या एका गटाचं. फार सभ्य भाषेत होतं. त्यांनी त्याच सुपरनोव्हाच्या दुसऱ्या दुर्बिणींवरच्या नोंदी तपासल्या होत्या. उतारात त्यांना एक स्पष्ट उंचवटा दिसत होता. चुंबक आत असेलही, पण या जागी स्फोटाचा लोट ताऱ्यानंच आधी टाकलेल्या वायूच्या थरावर आदळला असावा, असं त्यांना वाटत होतं. आमच्या नोंदी नेमक्या त्याच्या आधी का थांबतात, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नोंदवही उघडली. पाचही रात्रींपुढं निरीक्षकानं एकच शब्द लिहिला होता. स्वच्छ.

उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. तीन दिवस मी वेगवेगळी खोटी उत्तरं लिहून पाहिली, आणि त्यातलं एक तर इतकं चांगलं जमलं होतं की ते पाठवलं असतं तर कुणाला कळलं नसतं. चौथ्या दिवशी मी सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, "तुला त्यावेळी कुणीच विचारलं नाही?"

"विचारलं होतं, सर. तुमच्यासमोर. पालघरला."

"ते मोटरी गुंडाळणारे," सर म्हणाले. त्यांनाही आठवलं होतं. त्यांनाही आठवलं होतं की ते हसले होते.

आम्ही दुरुस्ती छापली. पाच ठिपके परत आले, निष्कर्ष बदलला. सरांनी ते माझ्यावर ढकललं नाही, पण पुढं त्यांनी माझ्यासोबत काही लिहिलंही नाही, आणि त्याचं मला नवल वाटलं नाही. शेवटी आभार मानायच्या जागी मी एक ओळ घातली, की या नोंदींकडं सर्वप्रथम हरिश्चंद्र संखे, बोईसर, यांनी लक्ष वेधलं होतं. कुणी हरकत घेतली नाही.

तो कागद घेऊन मी वाणगावला गेले. गेल्या वर्षीची गोष्ट. स्टेशनजवळ मिरचीच्या गोण्या रचलेल्या होत्या, डोळ्यांना झोंबत होतं. दुकान शोधायला वेळ लागला नाही, कुणालाही विचारलं तरी सांगत होते. काका बाकावर वाकून एका पाणबुडी पंपाचं तोंड उघडत होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला पाहून उठले.

"अरे, मॅडम! ये गं पमे, बघ कोण आलंय. आपल्या ताऱ्यांच्या डॉक्टर."

प्रमिला मागच्या दारातून आली. तिनं मला पाहिलं, मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी कागद काढला. इंग्रजीत होता, म्हणून मीच वाचून, मराठीत सांगत गेले. वायूच्या थराचं सांगितलं तेव्हा काकांनी पंप बाजूला सारला. "म्हणजे धडकलाच!" ते म्हणाले. "आणि चुंबक?"

"तोही असेल आत. दोन्ही मिळून असेल. अजून नक्की कुणालाच माहीत नाही, काका."

"मग तर चांगलंच हाय," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मधली सगळी वर्षं पुसली गेली असं मला वाटलं. तो थर ताऱ्यानं मरायच्या किती आधी टाकला असेल, असे एकाहून जास्त थर असतील का, मग उंचवटेही जास्त दिसतील का, असं ते भराभर विचारू लागले. जमलं त्याचं उत्तर मी दिलं. मग त्यांच्या नावाची ओळ दाखवली. त्यांनी कागद चष्म्याजवळ घेऊन आपलं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं, बोट ठेवून. "बोईसर पण लिवलंय," एवढंच म्हणाले.

मी म्हणाले, "काका, त्या दिवशी सभागृहात मी जे बोलले..."

त्यांनी हात हलवला. "ऱ्हाऊ दे."

"नाही काका. मला माहीत होतं. ढग नव्हते. मी तुमची चेष्टा केली कारण—"

"मला नाय लागलं ते," ते म्हणाले. "मी पण हसलो की. बारा वर्षं कारखान्यात काढली, साहेब लोकांचं हसणं काय नवीन हाय?" ते पंपाच्या तोंडाशी साचलेला गाळ अंगठ्यानं काढत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फकस्त पमी आली व्हती त्या दिवशी. मी तिला सांगितलं व्हतं, बापाला स्टेजवर बोलावलंय, ये. ती वाणगाववरून आली, पोराला शेजारणीकडं ठेवून. मागच्या रांगेत बसलेली. ते जरा..."

 मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या सभागृहाची मी मनात किती वेळा उजळणी केली होती, पण मागच्या रांगेकडं कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. एक वाडीवाला होता. विहिरीतला पंप बंद पडला होता आणि फुलावर आलेल्या झाडांना पाणी नव्हतं. "काका, येता का आता?" काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "जा, जा, मी बसते." त्यांनी पान्यांची पिशवी खांद्याला लावली. जाताना म्हणाले, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाय हां."

प्रमिलानं चहा आणून बाकावर ठेवला. ती बसली नाही. मी कप उचलला नाही. म्हणाले, "प्रमिला, त्या दिवशी पालघरला तुझे बाबा बरोबर होते. मी चूक होते. ते मी आता लिहून दिलंय, छापून आलंय."

तिनं कागदाकडं पाहिलंही नाही.

"ते बरोबर होते ते मला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "ते कायम दोनदा बघूनच बोलतात." मग जराशानं, अगदी शांतपणे, "तुम्हालाही माहीत होतं ना, मॅडम?"

"हो," मी म्हणाले.

तिनं मान हलवली, जशी मी आले तेव्हा हलवली होती तशीच, आणि आत गेली.

मी दारात येऊन उभी राहिले. मोटरसायकल अजून दिसत होती. रेल्वेचं फाटक पडलेलं होतं आणि ती तिथं थांबली होती. काका मागच्या सीटवरून पुढं झुकून त्या वाडीवाल्याला काहीतरी सांगत होते. एक हात हवेत गोल फिरवायचे आणि मग दुसऱ्या हाताची मूठ त्यावर आणून आपटायचे. पुन्हा गोल, पुन्हा मूठ. वाडीवाला मान वळवून ऐकत होता. मालगाडी गेली, फाटक वर झालं, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तरी त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.